पायथ्याशी गाडी थांबते तोच डोंगर

आमच्या बाबांच्या मते सह्याद्रीत डोंगर फार थोडे होते. भूगोलाच्या पुस्तकात पुष्कळ होते आणि अंबरनाथ स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं की नुसत्या डोळ्यांनाही बरेच दिसायचे; पण ज्याच्या पायथ्याशी लाल गाडी थांबत नाही तो डोंगर बाबांच्या हिशेबी नव्हताच. फॅक्टरीतल्या कुणी उत्साहाने सांगावं, "अमुक गडावर काय गार वारा असतो!" की बाबांचा ठरलेला प्रश्न यायचा, "बस जाते का?" समोरचा म्हणाला, "नाही, पण जीप करून..." की बाबा त्या गडाकडे पाठ फिरवत, ती कायमची. जीप करून डोंगरावर जाणं म्हणजे त्यांच्या मते लग्नाला जाऊन हॉटेलात जेवणं. डोंगर स्वतःच्या घामाने चढायचा, तर तिथपर्यंत जायचं तेही चारचौघांसारखं तिकीट काढून, हे त्यांचं तत्त्व. आमच्या घरात जे जे परवडायचं नाही त्याचं तत्त्व होऊन जायचं, हे मला फार पुढे कळलं. तोवर मी आम्हाला फार तत्त्वनिष्ठ कुटुंब समजत होते.

बाबा फॅक्टरीत फिटर होते आणि आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी. सकाळी भोंगा झाला की अख्ख्या ओळीतले स्टोव्ह एकदम फरफरायला लागत, आणि कुणाच्या घरी पिन मारायची वेळ आली आहे ते भिंतीपलीकडून ऐकू येई. रविवारी भोंगा नसे. ती उणीव बाबा भरून काढत. "उठा! गाडी कुणाच्या बापाची नाय!" असं ओरडत ते दिवे लावत सुटायचे. बाकीच्या घरांत त्या वेळी लोक माणसांसारखे झोपलेले असत. दुपारी त्यांच्याकडे मटण असे, रेडिओ असे, पत्त्यांचा डाव असे. आम्ही मात्र तसबिरींपुढे उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हणायचो आणि खाकी कापडाच्या पिशव्या खांद्याला अडकवून निघायचो. त्या पिशव्या बाबांनी स्वतः शिवलेल्या होत्या. फिटरने शिवलेली पिशवी कशी असते हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, ती कधीही फाटत नाही आणि कधीही खांद्यावर नीट बसत नाही. आत तांदळाच्या भाकऱ्या, उकडलेली अंडी, कांदे आणि सुकटीची चटणी. त्या सुकटीचे आमच्यावर मोठे उपकार आहेत. बसमध्ये पिशवी मांडीवर घेतली की शेजारची मंडळी आपणहून सरकत, आणि आम्हाला ऐसपैस बसायला मिळे.

आता हे सगळं फॅशनेबल झालंय. शनिवारी-रविवारी बदलापूर स्टँडच्या बाहेर रंगीबेरंगी जॅकेटं घातलेली मुलं दिसतात. त्यांच्या पाठीवरच्या पिशव्या माझ्या लग्नातल्या सामानापेक्षा मोठ्या असतात. "आम्ही ऑफबीट जातो, मॅडम," असं मला एकाने सांगितलं. मी म्हटलं, "जा बाबांनो. आम्ही जायचो तेव्हा त्याला येडेपणा म्हणायचे."

तर बाबांचा नियम. परतीच्या गाडीच्या वेळेआधी तासभर प्रत्येक माणूस खाली स्टॉपवर हजर पाहिजे. कारण त्या आडगावांना दुपारची जी गाडी असे ती शेवटचीच असे. राहिला तो राहिला. हे नुसतं बोलणं नव्हतं. आमचा सख्खा मामा एकदा करवंदं खात मागे रेंगाळला, तर बाबांनी त्याला डोंगरावर सोडून दिला. मामा चालत बदलापूरला आला आणि पुढच्या भाऊबीजेपर्यंत आमच्याशी बोलला नाही. आई म्हणायची, "माझ्या माहेरचा माणूस होता म्हणून." बाबा म्हणायचे, "तुझ्या माहेरचा होता, पण गाडी सरकारची होती." गाड्यांच्या वेळा बाबांच्या डोक्यात होत्या. पोरांचे वाढदिवस मात्र आईला आठवण करून द्यावे लागत.

या सगळ्या रविवारांचा खरा परिणाम झाला तो माझ्या मोठ्या बहिणीवर, नंदाताईवर. माझ्या फक्त टाचा फुटल्या. तिला दगडांचं वेड लागलं. पिशवीतल्या भाकऱ्या संपल्या की ती त्यात दगड भरून आणायची. आई त्यातले चांगले जड बघून लोणच्याच्या बरणीवर ठेवायची आणि उरलेले मोरीत पाय घासायला. नंदाताईने पुढे कॉलेजात भूशास्त्र घेतलं, एम.एस्सी. केलं, आणि आमच्या ओळीत "मुलगी काय शिकते?" या प्रश्नाला "दगड" हे उत्तर प्रसिद्ध झालं. शेवटी तिला एका सरकारी सर्वेक्षण खात्यात नोकरी लागली. नेमणूक कुठे, तर मेघालयात, चुनखडीच्या डोंगरांमध्ये.

तिने आम्हाला जमिनीवर बसवून समजावलं होतं. आपले डोंगर लाव्हाचे, थरावर थर रचल्यासारखे काळे. पाऊस पडला की पाणी वरून वाहून जातं. चुनखडीचा डोंगर पाणी पिऊन टाकतो, आतून विरघळत जातो. मैल मैल लांब गुहा होतात आणि अख्ख्या नद्या जमिनीत गडप होऊन भलतीकडेच वर येतात. सांगताना तिचे हात हलत होते आणि चेहरा असा उजळला होता की मला भीतीच वाटली, ही खरंच जाणार. बाबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "नदी खालून जाते, मग तिकडच्या बायका कपडे कुठे धुतात?" झालं. त्यापुढे ना त्यांचा होकार, ना नकार. महिनाअखेरपर्यंत रुजू व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. नंदाताई रोज बाबांच्या तोंडाकडे बघायची आणि बाबा रोज वर्तमानपत्राकडे.

आईने मात्र निकाल लावून टाकला होता. "आधी लग्न. मग नवऱ्याने पाठवलं तर जाऊ दे पाताळात." आणि मेघालयाच्या आधी हजर होईल असं स्थळही तिने शोधलं. बाबांच्याच फॅक्टरीतले साळवेकाका, वेगळ्या सेक्शनमधले. त्यांनी नुकताच बदलापूरला खरवईकडे ब्लॉक घेतला होता. मुलगा मिलिंद कचेरीत क्लार्क, स्वभावाने गरीब. पत्रिका-मुहूर्ताची भानगड आमच्यात आजोबांच्या पिढीनेच टाकून दिलेली, त्यामुळे बघण्यासारखी एकच गोष्ट उरत होती, ती म्हणजे मुलगी.

आता साळवेकाकांनी एकदा कँटीनमध्ये चहा पिता पिता बाबांना म्हटलं होतं, "डोंगर काय, छानच असतात." एवढ्या भांडवलावर बाबांनी त्यांना गिर्यारोहक ठरवलं, आणि मुलगी बघण्याचा कार्यक्रम डोंगरावर ठेवला. आई हादरली. "अहो, पाहुण्यांना घरी बोलवतात!" बाबा म्हणाले, "घरात दोन खोल्या. पोरांना चार शब्द बोलायचे तर मोरीत उभं करणार काय? वर अख्खा डोंगर मोकळा आहे." यात चूक काही काढता येईना, हीच तर बाबांची अडचण होती. मग आईने कार्यक्रमाच्या बाजूने जे जे वाचवता येईल ते वाचवलं. म्हणजे असं की कांदेपोहे झालेच पाहिजेत, चहा कपबशीतूनच दिला पाहिजे, आणि मुलीने तो ट्रेमधून आणला पाहिजे. ट्रे! आमच्याकडचा तो गुलाबांच्या चित्राचा मोठा ट्रे कुठल्याच पिशवीत मावेना. शेवटी तो माझ्या पाठीला सुतळीने बांधला. सात कपबशा पंच्यात गुंडाळून आईने स्वतःकडे घेतल्या. मी ढालीसारखा ट्रे पाठीला लावून अंबरनाथ स्टेशनात शिरले तेव्हा माझ्या वर्गातल्या निदान तीन मुली तिथे होत्या. त्यातली एक अजून भेटली की ट्रेची चौकशी करते.

बदलापूर स्टँडवर साळवे कुटुंब उभं होतं. काका सफारीत आणि हातात छत्री, काकू मोतिया रंगाच्या सिल्कच्या साडीत आणि मिलिंद नवेकोरे पांढरे बूट घालून. बूट खास या कार्यक्रमासाठी उल्हासनगरच्या कॅम्पातून आणलेले, परदेशी नावाचे. "सिंधी दुकानदार बोलला, साई, ये जूता आपको पहाड चढा देगा," असं मिलिंदने कौतुकाने सांगितलं. बाबांनी बुटांकडे नजर टाकली. नियम तेवढा सांगितला, "गाडी साडेचारची, शेवटची. साडेतीनला सगळे खाली. राहिला तो राहिला." साळवेकाका खळखळून हसले. त्यांना ती गंमत वाटली.

बारवी धरणाच्या बाजूच्या धामणपाड्याला गाडीने आम्हाला सोडलं आणि चढण सुरू झाली. अर्ध्या वाटेवर आईने डोळ्यांनी खूण केली, साळवेकाकूंनी घसा खाकरला आणि "पोरांना जरा बोलू द्या" असं ठरलं. दोघांना पुढे पाठवलं. आणि लोक काय म्हणतील म्हणून ट्रेसकट मला त्यांच्या मागे. त्या रानात लोक म्हणजे दोन म्हशी होत्या. बराच वेळ मिलिंदला दमच लागलेला, त्यामुळे बोलणं होईना. मग तो एका कातळाला टेकला आणि म्हणाला, "तुम्हाला पिक्चर आवडतात का?"

"आवडतात," नंदाताई म्हणाली. "तुम्ही टेकलाय ना, तो लाव्हा आहे."

मिलिंद चटकन बाजूला झाला. "गरम तर नाही लागत."

नंदाताईला हसू आलं. मग तिने सरळच विचारलं, "मला मेघालयात नोकरी लागलीय. तुम्हाला सांगितलंय का घरी?"

"हां, पप्पा बोलले ना. चांगलंय की." त्याने रुमालाने मान पुसली. "पण ते काय, लग्नानंतर सोडणारच तुम्ही. आई बोलते, खरवईलाच एखाद्या शाळेत चिकटवू. जवळ पडेल, दुपारी घरी येता येईल."

तो हे इतक्या आपुलकीने बोलला की त्याच्यावर चिडताही येईना. वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं. नंदाताईने पिशवी सावरली. ती चालू लागली आणि तिचा वेग वाढत गेला. मी मागे धापा टाकत, माझ्या पाठीवर ट्रे खडखडत, आणि त्याच्या मागे मिलिंद. त्याच्या उजव्या बुटाचा तळ तिथेच कुठेतरी उघडला आणि प्रत्येक पावलाला चपचप वाजू लागला.

माथ्याजवळ एक कपार आहे, वर छत असल्यासारखा कातळ. तिथे सगळे येऊन पोचेपर्यंत नंदाताईची हातपाय धुऊन, वेणी घालून बसायची तयारी झाली होती. साळवेकाकूंची साडी करवंदीच्या जाळीने दोनदा धरली होती आणि काकांच्या सफारीचा रंग घामाने बदलला होता. मग कार्यक्रम झाला. नंदाताईने वाऱ्याच्या झोतात पदर दातांत धरून ट्रे आणला. पोह्यांचा थंड होऊन गोळा झाला होता, तो आईने चाकूने कापून वाढला. थर्मासमधला चहा कपात पडेपर्यंत अर्धा वाऱ्याने नेला. "स्वयंपाक येतो का?" झालं. "शिवण?" झालं. आणि मग साळवेकाकू, खडकाला टेकून, एका हाताने गुडघा चोळत म्हणाल्या, "बाय, जरा चालून दाखव बरं."

हा आमच्या लोकांत तेव्हा रिवाजच होता. मुलगी लंगडत नाही ना, पाय तिरका पडत नाही ना, हे बघायचं. घरात ठीक आहे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पण इथे, माथ्यावर! सगळ्यांच्या आधी वर पोचलेल्या मुलीला! काकूंच्या मनात वाकडं काहीच नव्हतं. त्या फक्त यादीतला पुढचा प्रश्न विचारत होत्या. मी बाबांकडे पाहिलं. ते कांदा फोडत होते. त्यांचा हात थांबला, आणि त्यांच्या तोंडावर असं काही आलं जे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. लहानपणी हिला खांद्यावर घेऊन त्यांनी जे डोंगर दाखवले, ज्या पायांना चढायला शिकवलं, ते पाय आता तपासायला मागितले जात होते. त्यांना लाज वाटली होती, आणि ती नंदाताईची नव्हती, स्वतःची. कार्यक्रम त्यांनीच ठरवला होता ना.

नंदाताई उठली. पदर खोचला. आणि चालली. ती कपारीच्या टोकापर्यंत गेली, सगळ्यांना वाटलं आता वळेल. ती वळली नाही. तशीच वाटेला लागली, खिंडीत उतरली आणि दिसेनाशी झाली.  साळवेकाकू म्हणाल्या, "चाल चांगली आहे."

"आहेच," बाबा म्हणाले. त्यांनी पिशवी बांधली. "चला, साडेतीनला खाली पोचायचंय."

साळवेकाका म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मिलिंदचा बूट बांधून आम्ही आलोच. बाबांनी त्यांना आपल्याजवळची सुतळी दिली, म्हणजे ट्रेची. त्यामुळे ट्रे मी डोक्यावर धरून उतरले. वाट सरळ होती, पुन्हा एकदा वेळही सांगितली. यापेक्षा जास्त पाहुणचार बाबांना येत नसे.

स्टॉपवर नंदाताई दगडावर बसली होती. डोळे लाल होते. शेजारी काकड्या विकणारी एक पाड्यावरची म्हातारी होती, तिने नंदाताईला काकडी सोलून दिलेली, आणि नंदाताई ती न खाता नुसती हातात धरून बसली होती. आई तिच्यावर ओरडायला म्हणून पुढे गेली आणि तिचा चेहरा बघून नुसतीच शेजारी बसली. साडेतीन झाले. चार झाले. साळवे मंडळींचा पत्ता नाही. साडेचारला धूळ उडवत गाडी आली, वळली, आम्ही चढलो. म्हातारी खालून ओरडली, "अरं, तुमची मानसं र्‍हायली की वर!"

खरंच, उतारावर साळवेकाकांची छत्री हलताना दिसत होती. काकू दिसत होत्या, आणि एक पाय उचलून उचलून टाकणारा मिलिंद. पाच-दहा मिनिटांची बाब होती. कंडक्टर आमच्या वर्षानुवर्षांच्या ओळखीचा. त्याने दोरी हातात धरली आणि विचारलं, "काका, थांबवू का? येतायत ती मंडळी."

"अहो, पाहुणे आहेत!" आई म्हणाली. "व्याही होणारेत!"

बाबांनी खिडकीतून छत्रीकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. मग नंदाताईकडे पाहिलं. "नियम सांगितला होता," ते म्हणाले. "सोडा गाडी."

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाला त्यांची काळजी लागायला नको. त्यांना गवताचा ट्रक मिळाला आणि ते आमच्या मागोमागच खरवईला पोचले. आठवड्याने निरोप आला, "मुलगी पसंत आहे, पण व्याही नको." मिलिंदचं वर्षाच्या आत चांगल्या मुलीशी लग्न झालं, ती शाळेतच शिक्षिका होती. बाबा आणि साळवेकाका मात्र निवृत्त होईपर्यंत कँटीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसले. बाबांना पुढे कितीदा तरी मी विचारलं, की मामाला सोडलं तसंच त्यांना सोडलं, की मुद्दाम? ते दर वेळी म्हणायचे, "शेवटची गाडी होती." खोटं बोलता न येणाऱ्या माणसाला नियमांचा फार उपयोग होतो.

तर गाडी सुटली. आई ट्रे मांडीवर आडवा धरून बसली होती, त्यावरच्या गुलाबांकडे बघत.  नंदाताई खिडकीशी, मी तिच्या शेजारी, बाबा पुढच्या बाकावर. बरंच अंतर गेल्यावर बाबांनी मागे न वळताच विचारलं, "तिथे बस जाते का?"

"कुठे?" नंदाताईला कळलंच नाही.

"तुझ्या त्या चुनखडीत."

नंदाताईने माझा हात इतका घट्ट धरला की माझी बोटं पांढरी पडली. "जाते," ती म्हणाली. "शिलाँगहून. दिवसाला एक."

"आणि परत?"

"परतही एकच."

बाबांनी यावर विचार केला. हा पहिलाच डोंगर असेल ज्याच्यावर त्यांनी इतका विचार केला. "मग तासभर आधी येऊन बसत जा," ते म्हणाले. "तिथे कंडक्टर आपल्या ओळखीचा नाही."

नंदाताईने तोंडावर पदर धरला. मीही रडत होते, आणि मला तर त्यात काही मिळायचंही नव्हतं. राहता राहिली आई. ती दोघांवरही रुसलेली होती, म्हणून दोघांशीही न बोलता ती ट्रेवरच्या गुलाबांना उद्देशून मला म्हणाली, "बेबी, विचार तिला, तिकडे सुकट मिळते का."

"नाही मिळत, आई," नंदाताई म्हणाली.

"मग बांधून द्यावी लागेल," आई म्हणाली.